सिल्व्हर ईगल, मेपल की ब्रिटानिया: चांदीच्या नाण्यावरचा प्रीमियम परत मिळतो का?

अमेरिकेत नाण्यांच्या दुकानात चांदी मागितली की बहुतेक वेळा अमेरिकन सिल्व्हर ईगल पुढे केलं जातं. एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम वजन, ९९९ शुद्धता, दर्शनी किंमत एक डॉलर. १९८६ पासून निघणारं हे नाणं देखणं आहे, ओळखीचं आहे, आणि सरकारी टांकसाळींच्या नेहमीच्या एक औंसी नाण्यांमध्ये बहुधा सगळ्यांत महागही आहे. ते घेताना चांदीच्या भावापेक्षा किती जास्त मोजावं लागतं, म्हणजे प्रीमियम किती, एवढंच बहुतेक जण बघतात. खरा प्रश्न वेगळा आहे: त्या जास्तीच्या पैशांतले विकताना किती परत येतात?

उदाहरण घेऊ. आकडे फक्त हिशोब समजण्यासाठी आहेत. समजा चांदीचा स्पॉट भाव, म्हणजे बाजारातला त्या वेळचा नुसत्या धातूचा भाव, औंसाला ३० डॉलर आहे. ईगल ३६ ला मिळतं आणि तोच दुकानदार ते ३१.५० ला परत घेतो. तूट साडेचार डॉलर, म्हणजे खरेदीच्या साडेबारा टक्के. कॅनडाचं मेपल लीफ ३३.५० ला मिळतं, ३०.५० ला परत जातं. तूट तीन डॉलर, नऊ टक्के. खासगी कारखान्याची साधी चकती, जिला तिकडे ‘राउंड’ म्हणतात, ३२ ला घेऊन २९ ला जाते. दहा औंसाची वीट औंसामागे ३१.५० ला येते, २९.२० ला जाते. तूट सव्वासात टक्क्यांच्या आसपास. ईगल स्पॉटच्या वर विकलं जातं हे खरं, पण त्यासाठी आधी मोजलेले सगळे पैसे त्यातून निघत नाहीत.

म्हणून दुकानात दोनच प्रश्न विचारा. ईगल मेपलपेक्षा किती महाग देता? आणि विकायला आणलं तर मेपलपेक्षा किती जास्त द्याल? वरच्या हिशोबात घेताना अडीच डॉलर जास्त गेले, विकताना एकच जास्त आला. दीड डॉलर वाया. हे दोन आकडे जवळ आले, तरच ईगल घेण्यात अर्थ आहे. परत घेण्याचा भाव सांगायला टाळाटाळ करणाऱ्याकडून काहीच घेऊ नका.

ईगल महाग का? अमेरिकी टांकसाळ ही गुंतवणुकीची नाणी ग्राहकाला थेट विकत नाही. ठरावीक मोठ्या खरेदीदारांना ती स्पॉट भावावर स्वतःचा आकार लावून देते, आणि पुढे प्रत्येक हाताला नफा लागतो. शिवाय पुरवठा अधूनमधून आटतो. जानेवारी २०१३ मध्ये साठा संपून विक्री थांबली होती. एप्रिल २०२० मध्ये साथीमुळे ईगल पाडणारी वेस्ट पॉइंटची टांकसाळच काही काळ बंद होती. अशा टंचाईत ईगलचा प्रीमियम फुगतो आणि परत घेण्याचा भावही चढतो. शांत बाजारात घेऊन अशा वेळी विकणाऱ्याला प्रीमियमवरच कमाई होते. गडबडीत घेऊन शांतपणे विकणाऱ्याची चांदी चढूनही तूट राहते. दुर्दैवाने बहुतेकांची खरेदी गडबडीतच होते.

अमेरिकेतल्या निवृत्तीच्या आयआरए खात्यासाठी ईगलच लागतं, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. कायद्यात ईगलला वेगळी जागा आहे, पण ९९९ शुद्धतेची मेपल किंवा ब्रिटनची २०१३ पासूनची ब्रिटानियाही चालते. (त्याआधीची ब्रिटानिया ९५८ ची असे, ती नाही.)

ईगलच घ्यायचं ठरलं तर चालू वर्षाचं मागू नका. ‘कुठलंही वर्ष’ म्हणून मिळणारी नाणी स्वस्त असतात आणि चांदी तीच. वीस नाण्यांची नळी सुट्यांपेक्षा बरी पडते. कार्डाने पैसे दिले तर साधारण तीन-चार टक्के जास्त जातात, म्हणून बँकेतून पाठवा. कॅलिफोर्नियात दोन हजार डॉलरच्या खालच्या खरेदीवर विक्रीकर लागतो; न्यू जर्सीत २०२५ पासून एक हजाराच्या वर माफ आहे. थोडं थोडं घेणाऱ्यांना ही सीमा चांगलीच महाग पडते. प्रूफ नाणी (आरशासारखी चकचकीत, खास टांकलेली) आणि दर्जा तपासून ७० पैकी ७० गुणांचा शिक्का मारलेली प्लास्टिकबंद नाणी संग्राहकांसाठी आहेत, गुंतवणुकीच्या हिशोबात ती धरूच नयेत.

खोटी ईगल बाजारात भरपूर आहेत. नुसतं वजन बघून भागत नाही, कारण तांब्यावर मुलामा दिलेलं नाणं थोडं जाड करून वजन जुळवता येतं. व्यास ४०.६ मिलिमीटर आणि जाडी २.९८ च्या आसपास हवी. घरी करता येणारी पक्की चाचणी अशी: शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडवा. ते तळाला किंवा कडेला टेकता कामा नये, बुडबुडा चिकटू देऊ नका. काट्यावर साधारण २.९६ ग्रॅम दिसले तर घनता चांदीची आहे. साडेतीनच्या जवळ दिसले तर आत तांबं. २०२१ च्या मध्यापासूनच्या नव्या नमुन्यात कडेच्या दातऱ्यांत मुद्दाम एक दात गाळलेला आहे, तेही तपासा.

मेपलचा दोष वेगळा. शुद्धता ९९९.९, पण जुन्या नाण्यांवर दुधासारखे पांढरे डाग उठतात आणि ते जात नाहीत. २०१८ पासून टांकसाळीने त्यावर उपाय केला आहे, म्हणून त्यापुढचं वर्ष बघून घ्या. नाणं कुठलंही असो, मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, हिरवट चिकटा धरतो. आणि देवाच्या भांड्यांसारखं चिंचेने किंवा पावडरीने घासू तर मुळीच नका. चरे पडलेल्या नाण्याला प्रीमियम मिळत नाही.

लंडनकडच्या वाचकांसाठी उत्तर बदलतं. तिथे नव्या चांदीवर २० टक्के व्हॅट आहे, म्हणजे सुरुवातच मोठ्या तुटीने होते. ब्रिटानिया मात्र तिथलं कायदेशीर चलन असल्याने तिच्या नफ्यावर भांडवली नफा कर नाही. वर्षाचा एकूण भांडवली नफा तीन हजार पौंडांच्या करमुक्त मर्यादेत राहणार असेल तर या सवलतीचा उपयोग नाही. मोठी रक्कम असेल तर ब्रिटानियाच घ्या.

हीच नाणी पुढे भारतात नेऊन विकायचा विचार असेल तर प्रीमियम देऊच नका. पुण्यातला किंवा कोल्हापुरातला सराफ ईगलचं चित्र बघत नाही. तो वजन करतो, टंच काढतो, घट धरतो आणि चांदीचा भाव देतो. त्या काट्यावर ईगल आणि राउंड सारखेच. धनत्रयोदशीला लक्ष्मीचं दहा ग्रॅमचं नाणं घेतानाही हाच हिशोब लावा: तीन टक्के जीएसटी आणि घडणावळ परत येत नाही, आणि नाणं जितकं लहान तितका ग्रॅमामागे हा भार जास्त. पूजेसाठी एक जरूर घ्या. गुंतवणुकीला शंभर ग्रॅमचा बार घ्या, किंवा २०२२ पासून मिळू लागलेला सिल्व्हर ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात घेता-विकता येणारा चांदीचा फंड.