होस्टिंगचं खातं कुणाच्या नावावर, ओटीपी कशावर, बॅकअप कुठं?

लातूरचे क्लासवाले, वसमतचे हळदीचे व्यापारी, पैठणचे पैठणीवाले, सगळ्यांच्या वेबसाइटी साधारण एकाच पद्धतीने उभ्या राहतात. ओळखीतलं एखादं पोरगं डोमेन (साइटचं नाव, म्हणजे पत्ता) घेतं, होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) घेतं, त्यावर वर्डप्रेस हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर चढवतं. पुढं ते हिंजवडीत नोकरीला लागतं आणि सगळी लॉगिनं त्याच्या जीमेलवर राहतात. हॅकर यायच्या आधीच खातं हातातून गेलेलं असतं. म्हणून खालच्या प्रत्येक पर्यायाला मी एकच प्रश्न लावला आहे: फोन हरवला, माणूस गेला किंवा कंपनी बसली, तर खातं परत कसं मिळणार?

साइट बनवणाऱ्याच्या नावावर की स्वतःच्या?

त्याच्या नावावर ठेवण्यात आराम आहे. वर्षाला एक बिल येतं, रिन्यूअल तो बघतो, अडलं की त्याला फोन. पण बरेच जण रीसेलर होस्टिंग विकतात. त्यात तुमची साइट म्हणजे त्याच्या मोठ्या खात्यातला एक कप्पा असतो. होस्टिंग कंपनीचा ग्राहक तो, तुमचं नावही तिच्याकडं नसतं. उद्या वाद झाला तर ज्याच्या हाती ससा तो पारधी.

स्वतःच्या नावावर घ्यायचं तर थोडी दगदग आहे, पण बिलावर दुकानाचं नाव आणि जीएसटी नंबर येतो. लॉगिन गेल्यावर सपोर्टवाले बहुधा हेच मागतात: बिल, पैसे भरल्याचा पुरावा, ओळखपत्र.

माझं मत सरळ आहे. होस्टिंग त्याच्या नावावर असलं तरी चालेल, फक्त बॅकअप तुमच्याकडं हवा. डोमेन मात्र कधीच नाही. साइट पुन्हा उभी करता येते, पिशव्यांवर आणि बिलबुकावर छापलेला पत्ता बदलणं फार जड जातं. संबंध चांगले आहेत तोवर त्याच रजिस्ट्रारकडं (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडं) स्वतःचं खातं उघडा आणि डोमेन त्यात सरकवून मागा. रजिस्ट्रार बदलण्यापेक्षा हे सोपं पडतं. कामासाठी त्याला वर्डप्रेसमध्ये वेगळा युजर करून द्या, म्हणजे मुख्य पासवर्ड व्हॉट्सअॅपवर फिरणार नाही.

डोमेन आणि होस्टिंग एकाच कंपनीकडं की वेगवेगळं?

वेगवेगळं. एकच लॉगिन सोयीचं वाटतं, पण ते खातं लॉक झालं तर पत्ताही गेला आणि घरही. डोमेन दुसरीकडं असेल तर नेमसर्व्हर (हा पत्ता कुठल्या होस्टिंगकडं न्यायचा ते सांगणारी सेटिंग) बदलून साइट भलत्याच होस्टवर उभी करता येते.

एसएमएस, अॅप की सिक्युरिटी की?

पासवर्डनंतर लॉगिनचा दुसरा पुरावा कुठला ठेवायचा, इथं थोडं थांबून विचार करा, कारण सगळ्यात जास्त लोक इथंच अडकतात.

एसएमएसचा ओटीपी सगळ्यांना जमतो, आणि काहीच नसण्यापेक्षा तो केव्हाही बरा. पण तो नंबरावर टिकून असतो, आणि आपल्याकडं नंबर टिकत नाहीत. दुसरं सिम रिचार्जविना पडून राहतं, बंद होतं, आणि काही काळाने तोच नंबर भलत्याच माणसाला मिळतो. कधी दुकानाचा नंबर मॅनेजरच्या खिशात असतो आणि मॅनेजर सोडून जातो. शिवाय डुप्लिकेट सिम काढून ओटीपी पळवणारे आहेतच. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने 2017 मध्येच एसएमएसचा मार्ग ‘मर्यादित’ वर्गात टाकला. आपल्याकडं 1 जुलै 2024 पासून सिम बदलल्यावर 7 दिवस नंबर पोर्ट करता येत नाही, पण तो नियम पोर्टिंगपुरताच. आणि पाटोदा-आष्टीकडच्या डोंगरपट्ट्यात रेंज गेली की परदेशी कंपनीचा मेसेज कधी येईल याचा नेम नाही.

ऑथेंटिकेटर, म्हणजे फोनवरच लॉगिनचा कोड बनवणारं अॅप, त्याला रेंज लागतच नाही. फोनमध्ये ठेवलेला गुप्त आकडा आणि घड्याळातली वेळ यांच्यावरून दर 30 सेकंदांनी 6 अंकी कोड बनतो. फक्त फोनची वेळ ऑटोमॅटिकवर हवी. मोठा धोका हा: फोन गेला की कोडही गेले. गूगल ऑथेंटिकेटरला खात्याशी सिंक व्हायची सोय एप्रिल 2023 मध्ये आली. ती चालू केली तर सगळा भार त्या गूगल खात्यावर जातो. मला त्यापेक्षा साधी युक्ती पटते: सेटअप करताना स्क्रीनवर जो क्यूआर कोड दिसतो, तोच दोन फोनवर स्कॅन करायचा, एक मालकाचा, एक घरातल्या विश्वासू माणसाचा. दोन्हीकडं सारखाच कोड दिसतो.

सिक्युरिटी की, म्हणजे लॉगिन करताना लावायची पेनड्राइव्हसारखी छोटी चावी, तिघांत सगळ्यात पक्की. ती साइटचा खरा पत्ता तपासते, म्हणून नकली लॉगिन पानावर काही उमटतच नाही. अॅपचा कोड मात्र माणूस नकली पानावरही भाबडेपणाने टाकतो. पण दोन घ्याव्या लागतात, खर्च हजारांत जातो, आणि बऱ्याच स्वस्त होस्टिंगच्या पॅनलमध्ये ती चालतच नाही. दहा-वीस ग्राहकांच्या साइटी सांभाळणाऱ्याने घ्यावी. एका दुकानाला अॅप पुरेसं आहे. बॅकअप कोड (फोन हाताशी नसताना लॉगिनला वापरायचे राखीव कोड) मात्र कागदावर छापून दुकानाच्या कागदपत्रांत ठेवा. गूगल एका वेळी 10 कोड देतं, आणि प्रत्येक एकदाच चालतो.

खात्याला जोडायचा ई-मेल

दुकानाच्या डोमेनवरचा ई-मेल रुबाबदार दिसतो, पण डोमेनच्या खात्याला तो जोडू नका. डोमेनची मुदत संपली की तो मेल बंद, आणि पासवर्ड बदलायची लिंकही त्याच मेलवर. इथं जीमेल बरा.

ऑटो-रिन्यूअल की आगाऊ पैसे?

ऑटो-रिन्यूअल चालू ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. रिझर्व्ह बँकेचे नियम 1 ऑक्टोबर 2021 पासून कडक झाले आणि परदेशी कंपन्यांचे कार्डावरचे बरेच ऑटो-डेबिट अडकू लागले. डॉट कॉमचं नाव एका वेळी 10 वर्षांपर्यंत घेता येतं, चार-पाच वर्षांचे पैसे एकदम भरलेले बरे. नाव रजिस्ट्रारकडून एकदा डिलीट झालं की 30 दिवस जादा दंड भरून सोडवता येतं. त्यानंतरच्या 5 दिवसांत काहीच करता येत नाही, आणि मग ते कुणालाही मिळतं.

होस्टचा बॅकअप की आपला?

होस्टचा रोजचा बॅकअप चुकून डिलीट झालेलं पान परत आणायला उत्तम. पण 10 मार्च 2021 रोजी स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा बॅकअपही त्याच आवारात असलेल्या अनेकांचं सगळंच गेलं. कोड स्पेसेस ही कंपनी तर 2014 मध्ये बंदच पडली: हल्लेखोर तिच्या अॅमेझॉनवरच्या खात्यात घुसला आणि मूळ डेटाबरोबर बहुतेक बॅकअपही पुसून गेला. तेव्हा सी-पॅनलमधून (होस्टिंग सांभाळायच्या पानावरून) फुल बॅकअप उतरवून तो हार्ड डिस्कवर किंवा वेगळ्या खात्यातल्या ड्राइव्हवर ठेवा. ऑनलाइन ऑर्डरी येत असतील तर फुल बॅकअप आठवड्याला, आणि ऑर्डरी-मजकूर साठवणारा डेटाबेस रोज. नुसता पत्ता आणि फोन नंबर दाखवणाऱ्या साइटला पान बदलेल तेव्हा एकदा उतरवलं तरी पुरतं.