दस्तऐवज, तक्ते की एंटिटी: माहिती कशाभोवती रचावी?

माहितीसाठा उभारताना तीन वाटा समोर असतात. दस्तऐवज जसेच्या तसे जपणं, सगळं तक्त्यांत भरणं, किंवा प्रत्येक व्यक्ती, ठिकाण, संस्थेला म्हणजेच एंटिटीला स्वतःचा क्रमांक देऊन माहिती तिला जोडत जाणं.

तक्त्यांचं थोडक्यात सांगते. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेली ही पद्धत हिशेब आणि साठ्याच्या नोंदींसाठी आजही पक्की आहे. रकाने आधी ठरलेले असतील, तर दुसरीकडे बघूच नका.

दस्तऐवजांत संदर्भ शाबूत राहतो: कोण, कधी, कशाच्या ओघात बोललं ते कळतं. पण शोध शब्दांवर चालतो. एकाच नावाची दोन माणसं एकत्र येतात आणि एकाच माणसाची दोन स्पेलिंगं त्याला दुभंगतात.

एंटिटीची ताकद इथेच दिसते. २०१२ साली सुरू झालेल्या विकिडेटावर, म्हणजे विकिपीडियाच्या जोडीला चालणाऱ्या खुल्या माहितीसाठ्यावर, पॅरिसचा क्रमांक क्यू९० आहे, मग नाव कुठल्याही भाषेत लिहा. तिथे लोकसंख्येचा एकच आकडा नसतो. अनेक आकडे शेजारी नांदतात, आकड्याला वर्ष आणि स्रोत जोडता येतो. नवा आकडा आला म्हणून जुना पुसावा लागत नाही. विकिपीडियात पूर्वी एका विषयाचा लेख ५० भाषांत असला, की प्रत्येक लेखात उरलेल्या ४९ भाषांचे दुवे, म्हणजे एकूण २,४५० दुवे सांभाळावे लागत. आता विकिडेटावरच्या मध्यवर्ती नोंदीला ५० दुवे पुरतात. मला ही रचना मनापासून आवडते.

पण तिची किंमत मोजावी लागते. 'हा तोच का?' हे प्रत्येक वेळी कुणीतरी ठरवायचं असतं, आणि तो निर्णय चुकला की दोन आयुष्यं एका नोंदीत मिसळतात. कुठलं विधान कुणाचं, हे नंतर वेगळं काढणं फार जिकिरीचं. म्हणून शंका असेल तोवर नोंदी वेगळ्याच ठेवा. जुना क्रमांक नव्याकडे वळवला, की त्या नोंदी नंतरही जोडता येतात.

निर्णय होत नसेल तर मूठभर दस्तऐवज घेऊन त्यांतल्या नावांखाली रेघ मारा. तीच नावं पुन्हा पुन्हा येत असतील तर एंटिटी निवडा, पण फक्त त्या नावांपुरत्या. मूळ दस्तऐवज मोडू नका. प्रत्येक विधानातून त्यांच्याकडे दुवा जाऊ द्या.