‘फ्लाइट ६६६’ : नऊ महिने रोज थोडं थोडं

७ डिसेंबर २०२४ ला निको मॅकब्रेन या ड्रमरने साओ पावलोमध्ये आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडबरोबरचा शेवटचा कार्यक्रम वाजवला. वय ७२, बँडमधली वर्षं ४२. बातमी वाचली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. ‘फ्लाइट ६६६’ हा त्यांच्या दौऱ्यावरचा सिनेमा मी २००९ मध्ये मित्राच्या लॅपटॉपवर एकदाच पाहिला होता, तोही दोघांत एक इअरफोन वाटून घेऊन. जानेवारीत मी त्याची दोन डिस्कची ब्लू-रे मागवली, सेकंडहँड, परदेशातून. पहिल्यांदा आलेल्या प्रतीत दुसऱ्या डिस्कवर चरा होता आणि ती मधेच अडकायची. विक्रेत्याने तीन आठवड्यांनी बदलून दिली. ब्लू-रे प्लेअर आता दुकानात सहज मिळत नाही, म्हणून भावाचा जुना गेमिंग कन्सोल आणला. दोन स्पीकर आणि एक सबवूफर घरात होतेच. तेव्हापासून ऑक्टोबरपर्यंत ही डिस्क कन्सोलमधून फारशी बाहेर आलेलीच नाही, म्हणून आता लिहितोय.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फेब्रुवारी आणि मार्च २००८ मध्ये मेडनने ४५ दिवसांत २३ कार्यक्रम केले. मुंबईपासून सुरुवात, मग ऑस्ट्रेलिया, जपान, लॉस एंजेलिस, मेक्सिको, मध्य आणि दक्षिण अमेरिका, आणि शेवट टोरांटोत. सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडियन हे दोन कॅनडियन दिग्दर्शक सगळा वेळ त्यांच्याबरोबर होते. डन मुळात मानववंशशास्त्र शिकलेला माणूस, आणि ते सिनेमात जाणवतं, कारण त्याचा कॅमेरा स्टेजइतकाच कुंपणापलीकडे रमतो. पहिल्या डिस्कवर प्रवासाची साधारण दोन तासांची डॉक्युमेंटरी आहे. दुसऱ्या डिस्कवर पूर्ण कॉन्सर्ट, सोळा गाणी, आणि प्रत्येक गाणं वेगळ्या शहरातलं.

विमानाची गोष्ट मला पूर्वी निव्वळ हौस वाटली होती. गायक ब्रूस डिकिन्सन हा परवानाधारक व्यावसायिक वैमानिक, बोइंग ७५७ वर बँडचं बोधचिन्ह असलेल्या एडी या भुताचं चित्र, नाव ‘एड फोर्स वन’, आणि कॉकपिटमध्ये स्वतः ब्रूस. यात मजा आहेच. पण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पाहताना यामागचा हिशेब कळला. एवढ्या मोठ्या बँडचं सामान म्हणजे बारा टन. ते मालवाहू विमानाने पाठवायचं, माणसांनी वेगळ्या विमानांनी जायचं, आणि दोन्ही वेळेवर एका जागी पोचायची वाट बघायची. असं केलं तर कोलंबियातलं बोगोटा किंवा कोस्टा रिकातलं सान होसे ही शहरं खर्चातच बाद होतात. त्यांनी विमानाच्या मागच्या भागातल्या खुर्च्या काढून तिथे सामानाची जागा केली, आणि बँड, कर्मचारी, सामान सगळं एकत्र उडवलं. म्हणून मुंबईनंतर तीनच दिवसांनी पर्थमध्ये वाजवता आलं. एरवी ज्या गावांच्या वाट्याला फक्त टीशर्ट आणि कॅसेट येतात, त्या गावांत स्टेज उभं राहिलं ते या हिशेबामुळे.

त्या गावांपैकी एक आमच्याकडचं, मुंबई. १ फेब्रुवारी २००८, शुक्रवार. सकाळी पुण्याहून सिंहगडने दादर, तिथून लोकलने वांद्रे, आणि मग वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानापर्यंत चालत. वय एकवीस होतं. मार्च २००७ मध्ये मेडन बंगलोरला येऊन गेले तेव्हा माझी परीक्षा होती, त्यामुळे ही संधी सोडायची नाही हे वर्षभर आधीच ठरलं होतं. परत येताना दादरहून रात्रीची एशियाड पकडली, आणि सोमाटणे फाट्यापर्यंत कानात शिट्टी वाजत होती. तो आख्ख्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम होता हे मला तेव्हा माहीत होतं, पण त्याचं मोल कळलं नव्हतं. दुसरी डिस्क लावली की आधी चर्चिलचं १९४० चं भाषण येतं, आणि मग ‘एसेस हाय’ सुरू होतं, ते मुंबईतलं आहे. म्हणजे त्या २३ रात्रींमधलं अगदी पहिलं गाणं. तालीम झालेली, पण खऱ्या गर्दीसमोर पहिल्यांदाच. वाजवणाऱ्यांच्या खांद्यांत थोडा ताठरपणा दिसतो आणि ब्रूस जरा जास्तच धावतो. मला ते फार आवडतं. टोरांटोच्या ‘हॅलोड बी दाय नेम’शी ते ताडून बघा. तोपर्यंत दीड महिना झालेला असतो आणि सगळे एका श्वासात वाजवत असतात.

डॉक्युमेंटरीत मात्र मुंबई भर्रकन निघून जाते. मला अजून हवं होतं. मुंबईतल्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर बसून रॉक ऐकलेली पिढी, शांतता क्षेत्रामुळे तिथले कार्यक्रम बंद झाल्यावर जागा शोधत फिरलेली पोरं, काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये एकेक कॅसेट उभ्याने वाचणारे गिऱ्हाईक, हे सगळं त्या मैदानात उभं होतं. डनसारख्या माणसाला ते दिसलं असतं. पण पहिलाच मुक्काम असल्याने सिनेमा तिथे अजून स्वतःचा सूर शोधतोय, आणि तो त्याला दक्षिण अमेरिकेत सापडतो.

तिथे सिनेमा उंच जातो. चिलीमध्ये १९९२ साली चर्चच्या दबावामुळे मेडनचा कार्यक्रम रद्द झाला होता. सोळा वर्षांनी सांतियागोत ‘आयर्न मेडन’ हे गाणं वाजतं तेव्हा प्रेक्षकांचा आवाज ऐकताना ही पार्श्वभूमी डोक्यात ठेवा. बोगोटात तर पोरं कितीतरी दिवस आधीपासून उद्यानाबाहेर तंबू ठोकून राहिली होती. आणि मग तो प्रसंग. कार्यक्रम संपलाय, गर्दी पांगतेय, आणि एक तरुण हातात ड्रमची काडी धरून रडतोय. हमसून रडतोय. कॅमेरा त्याच्यावर थांबतो, कुणी काही बोलत नाही. नऊ महिन्यांत हा प्रसंग मी किती वेळा पाहिला ते मोजलं नाही. दर वेळी घसा दाटतो.

आणि इथूनच माझं बघणं बदललं. ती काडी निकोची. मी मुंबईची आठवण विकत घेतली होती, पण एप्रिलच्या सुमारास लक्षात आलं की मी निकोलाच बघतोय, किंवा खरं तर ऐकतोय.

मी बारा वर्षं ढोल-ताशा पथकात होतो, आधी ढोल, नंतर ताशा. त्यामुळे ठेका धरणाऱ्या माणसाकडे माझा कान आपोआप जातो. बँडमधला स्टीव्ह हॅरिस बास गिटार दोन बोटांनी वाजवतो, आणि त्याची ओळख म्हणजे ती घोडदौड, एक लांब आणि दोन आखूड, एक लांब आणि दोन आखूड. ‘द ट्रूपर’मध्ये ती सर्वांना ऐकू येते. त्या घोडदौडीखाली जमीन म्हणून जो असतो तो निकोचा उजवा पाय. हेवी मेटलमध्ये बहुतेक ड्रमर दोन्ही पायांनी बास ड्रम वाजवतात. निको एकाच पेडलवर वाजवत राहिला, तेही बऱ्याचदा अनवाणी. माझा भाचा तेरा वर्षांचा आहे, नाशिकला ड्रम शिकतो. मे महिन्याच्या सुट्टीत त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “मामा, एक पाय? शक्यच नाही.” मग आम्ही ‘द ट्रूपर’, ‘एसेस हाय’ आणि ‘मूनचाइल्ड’ ओळीने पाच वेळा लावली. त्याने जमिनीवर टाच टेकवून तो वेग धरायचा प्रयत्न केला आणि अर्ध्या मिनिटात पोटरी धरून बसला. नंतर मी प्रयत्न केला. माझी वीस सेकंदं.

लक्ष्मी रस्त्यावर विसर्जनाच्या दिवशी सहा तास टिपरू चालवलेल्या माणसाला दमसास म्हणजे काय हे माहीत असतं. चित्रण झालं तेव्हा निको ५५ वर्षांचा होता. आज मुंबई, मग परवा-तेरवा दुसरा खंड, मधे विमानात झोप, आणि प्रत्येक रात्री सोळा गाणी. त्यात १९८४ चं ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’, तेरा मिनिटांहून जास्त, दोन दशकांनंतर पुन्हा स्टेजवर आलेलं. हे न्यू जर्सीतलं गाणं या डिस्कवरचं सर्वोत्तम आहे असं माझं ठाम मत आहे. मधल्या भागात सगळं थांबतं. जहाजाची लाकडं कुरकुरतात, ज्या कवितेवर हे गाणं बेतलंय त्या इंग्रज कवी कोलरिजच्या ओळी येतात, बास हलकेच फिरत राहतो, आणि ड्रमवर जवळपास काहीच नाही. तिथून निको जे परत येतो ते जोराने येत नाही. आधी झांजेला नुसता स्पर्श, मग थोडं वजन, मग आणखी. पथकात नवीन पोरांना सर्वांत उशिरा येते ती हीच गोष्ट, न वाजवता ठेका धरून ठेवणं.

जानेवारी २०२३ मध्ये निकोला पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. मे महिन्यात तो पुन्हा दौऱ्यावर वाजवत होता. हे माहीत असताना २००८ मधला तो उजवा पाय ऐकणं ही वेगळीच गोष्ट आहे. पूर्वी मला त्यात ताकद ऐकू यायची. आता एक माणूस ऐकू येतो.

दिसत मात्र तो कमी. त्याच्याभोवती टॉम-ड्रमची अशी तटबंदी असते की बहुतेक वेळा डोक्याचा वरचा भाग आणि उडणाऱ्या काड्या एवढंच नजरेस पडतं. पाय बघायला मिळत नाही, ऐकावा लागतो. आणि संकलन फार घाईचं आहे. ‘पॉवरस्लेव्ह’च्या गिटार सोलोत बोटं दिसायला लागतात न लागतात तोच गर्दी, गर्दीतून एडी, एडीवरून परत दुसरा गिटारवाला. डेव्ह मरेचं वाजवणं पाण्यासारखं वाहतं, एड्रियन स्मिथ प्रत्येक वाक्य विचार करून संपवतो, यानिक गर्स गिटार अंगाभोवती फिरवतो. या तिघांतला फरक कळायला बघणाऱ्याला दहा सेकंदं सलग हवीत. मला हा फरक शेवटी डोळे मिटून, हेडफोन लावूनच नीट कळला. ध्वनिमिश्रण केव्हिन शर्लीचं आहे आणि ते उत्तम आहे. बास पुढे, खणखणीत. सबवूफर अर्ध्यावर ठेवलेला बरा, नाहीतर पेडलचा आवाज पसरतो आणि त्याची धार जाते.

सोळा शहरं जोडण्याची कल्पना मला पहिले दोन महिने खटकत होती. एक मैफल म्हणून ती बसत नाही. प्रत्येक गाण्याला शहर बदलतं, छप्पर येतं आणि जातं, तापत आलेली हवा पुन्हा पहिल्यापासून तापवावी लागते, आणि ब्रूसची गाण्यांमधली बोलणी जवळपास सगळी गळलीत. ज्यांना एका रात्रीचा चढता आलेख हवा आहे त्यांना हे रुचणार नाही. पण हळूहळू मी ती वेगळ्या तऱ्हेने बघायला लागलो. रोज जेवणानंतर एकच गाणं, एकच शहर. असं पाहिलं की प्रत्येक गर्दीचा स्वभाव दिसतो. ब्वेनोस आयरेसचे लोक ‘फिअर ऑफ द डार्क’मध्ये शब्द तर म्हणतातच, गिटारची धूनही गातात, हजारो गळ्यांनी, आणि गिटार त्यांच्या मागून चालते. टोकियो वेगळं, मॉन्टेरे वेगळं. ‘थोडं थोडं’ ही सवय मला डिस्कनेच लावली.

डॉक्युमेंटरी मी पूर्ण चार वेळा पाहिली. तेवढी पुरे. माणसं गोड आहेत, गोल्फ आणि फुटबॉल आहे, लॉस एंजेलिसला मेटॅलिकाचा ड्रमर लार्स उलरिक आणि गिटारवाला टॉम मोरेलो यांच्यासारखे पाहुणे येतात. पण बँडच्या आतल्या ताणांबद्दल सिनेमा गप्प राहतो. ब्रूस १९९३ मध्ये बँड सोडून गेला आणि १९९९ मध्ये परतला, त्याच वेळी एड्रियनही परतला आणि तीन गिटारवाले झाले. एवढ्या माणसांनी एका विमानात ४५ दिवस कसे काढले, कुणी कुणाला काय सोडून दिलं, हे मला ऐकायचं होतं. कॅमेरा विमानात होता, प्रश्न विचारता आले असते.

घ्यावी का? मेडन आवडत असतील तर घ्या, आणि शक्य तर ब्लू-रेच घ्या. स्टेजवरच्या इजिप्शियन नेपथ्याचे निळे-सोनेरी रंग त्यात खुलतात. सेकंडहँड घेत असाल तर दुसरी डिस्क आल्या दिवशी शेवटपर्यंत चालवून बघा. मेडन कधीच ऐकले नसतील तर डॉक्युमेंटरीपासून सुरुवात करा, बोगोटापर्यंत धीर धरा. आणि घरात कुणी ड्रम, ताशा, पखवाज, काहीही वाजवायला शिकत असेल, तर त्याला शेजारी बसवा.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा येतोय आणि जाताना दोन्ही डिस्क नाशिकला नेणार आहे. कुठल्या गाण्यात कितव्या मिनिटाला पेडल स्पष्ट ऐकू येतं याची यादी मी नऊ महिने एका कागदावर करत होतो, बावीस नोंदी झाल्यात. तो कागद घडी करून डिस्कच्या डबीत घातलाय.