इंदूरच्या गच्चीवरून गुरू : १५० मिलिमीटर डॉब्सोनियन दुर्बिणीचे परीक्षण

गुरू आणि त्याचे चार मोठे उपग्रह पाहण्यासाठी घरी दुर्बीण घ्यायची असेल, तर पैसा आरशावर खर्च करावा, मोटर आणि मोबाइल ॲपवर नव्हे. १५० मिलिमीटर व्यासाची डॉब्सोनियन दुर्बीण, म्हणजे साध्या बैठकीवर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण, इंदूरच्या राजेंद्रनगरातील आमच्या गच्चीवर हिवाळाभर वापरल्यानंतर माझे हे मत पक्के झाले आहे. तेवढ्याच पैशात आपोआप ग्रह शोधून देणाऱ्या छोट्या दुर्बिणीही मिळतात, परंतु त्यांचा आरसा किंवा भिंग लहान असते आणि गुरूच्या पट्ट्यांमधील बारकावे दिसणे हे शेवटी व्यासावरच अवलंबून असते.

या दुर्बिणीचे नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून प्रतिमा तयार होते तिथपर्यंतचे अंतर, १२०० मिलिमीटर आहे. सोबत २५ आणि १० मिलिमीटरच्या दोन नेत्रिका (डोळा लावायची भिंगे) मिळतात, म्हणजे अनुक्रमे ४८ आणि १२० पट विशालन होते. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये हे उपग्रह पाहिले तेव्हा त्याच्या दुर्बिणीचे विशालन जेमतेम २० पट होते, त्यामुळे आयो, युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो एका ओळीत पाहायला २५ ची नेत्रिकाच पुरेशी ठरते. ही नेत्रिका चांगली आहे. १० ची मात्र कामचलाऊ आहे : कडेला प्रतिमा पसरते आणि डोळा किंचित हलला की अर्धे दृश्य काळे होते. तिच्या जागी बरी नेत्रिका लावल्यावर तोच आरसा किती तरी अधिक दाखवू लागला.

आरसा हेच या दुर्बिणीचे खरे बळ आहे. हवा स्थिर असताना विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंचे तपकिरी पट्टे ठळक दिसतात, दक्षिणेकडील पट्ट्याची कड एकसारखी नसून खडबडीत असल्याचे जाणवते आणि मोठा तांबडा डाग त्या पट्ट्यात पडलेल्या खोबणीत फिकट नारिंगी दिसतो. गुरू स्वतःभोवती ९ तास ५५ मिनिटांत फिरतो, त्यामुळे जानेवारीच्या लांबलचक रात्री चिकाटी असेल तर एकाच रात्रीत त्याची सगळी बाजू पाहून होते. गॅनिमीड हा बुधापेक्षाही मोठा आहे आणि उत्तम रात्री अधिक विशालन दिल्यास तो ताऱ्यासारखा बिंदू न राहता चिमुकली चकती भासतो.

उपग्रहांच्या घटना पाहणे हा मात्र सर्वांत मोठा आनंद आहे. आयो ४२ तासांहून थोड्या अधिक काळात एक फेरी पूर्ण करतो आणि त्याची सावली गुरूच्या ढगांवर पडते तेव्हा ती पेनाने टेकवलेल्या ठिपक्यासारखी काळीभोर दिसते. खुद्द आयो मात्र उजळ पार्श्वभूमीत हरवून जातो. प्रतियुतीपूर्वी, म्हणजे पृथ्वीवरून पाहता गुरू सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला येण्यापूर्वी, सावली उपग्रहाच्या पुढे चालते आणि नंतर ती मागे पडते. प्रतियुतीनंतरच्या आठवड्यांत आयो गुरूच्या सावलीतून बाहेर येतो तो चकतीच्या कडेपासून अंतर राखून, मोकळ्या काळ्या जागेत : आधी काहीच नसते, मग डोळ्याला भास वाटावा इतका मंद ठिपका येतो आणि पुढच्या तीन-चार मिनिटांत तो पूर्ण तेजाने उभा राहतो. आयोच्या अशाच ग्रहणांच्या वेळा मागेपुढे होतात हे पाहून ओले रोमरने १६७६ मध्ये प्रकाशाला प्रवासासाठी वेळ लागतो असा निष्कर्ष काढला. तीच घटना आपल्या गच्चीवरून घड्याळ लावून पाहता येते, याचे मोल मला फार वाटते.

आता इंदूरकरांनी विशेष लक्षात घ्यावी अशी गोष्ट. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला उज्जैनजवळून जाते आणि जानेवारी २०२६ च्या प्रतियुतीच्या वेळी गुरू मिथुन राशीत, पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ, खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे २२ अंश उत्तरेला होता. परिणामी रात्री साडेबाराच्या सुमारास तो जवळजवळ थेट माथ्यावर येई. हवेचा थर तिथे सर्वांत कमी जाडीचा असल्याने प्रतिमा सर्वोत्तम मिळायला हवी, आणि मिळतेही, परंतु नेमक्या याच दिशेला डॉब्सोनियनची बैठक अडते. नळी उभी झाली की ती आडवी फिरवायला हाताला धरच मिळत नाही, पार्टिकल बोर्डाची बैठक झटक्याने सरकते आणि १२० पटीला पावणेदोन मिनिटांत क्षेत्राबाहेर जाणारा ग्रह परत आणताना दमछाक होते. सरळ बसवलेल्या फाइंडरमधून (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीतून) माथ्यावर पाहण्यासाठी मान इतकी मागे टाकावी लागते की ज्येष्ठांना ते जमणारच नाही. काटकोनी फाइंडर वेगळा घेणे भाग आहे. ग्रह माथ्यावर येण्याच्या दोन-अडीच तास आधी निरीक्षण करावे, तेव्हा तो पुरेसा उंच असतो आणि नळी सहज वळते.

दुर्बीण कुरिअरने आली तेव्हा दुय्यम आरसा (प्रकाश नेत्रिकेकडे वळवणारा छोटा आरसा) जागेवरून हललेला होता आणि विक्रेत्याने सोबत कोलिमेशनची, म्हणजे आरसे एकमेकांशी जुळवण्याची, कोणतीही माहिती दिली नव्हती. ही उणीव लहान नाही, कारण आरसे जुळलेले नसतील तर नवखा माणूस दोष गुरूला देऊन दुर्बीण माळ्यावर टाकेल. जुळवणीसाठी एखादा तेजस्वी तारा क्षेत्राच्या मध्यावर आणून थोडा फोकसबाहेर न्यावा. दिसणारी कडी समकेंद्री होईपर्यंत आरशाचे स्क्रू हळूहळू फिरवावेत.

शहराच्या उजेडाची काळजी करू नये. तेजोमेघांसाठी तो घातक आहे, गुरूसाठी नाही. खरा अडथळा आहे तो उष्णतेचा. खोलीतून बाहेर आणलेला आरसा थंड होईपर्यंत प्रतिमा उकळत राहते, म्हणून दुर्बीण तासभर आधी गच्चीवर ठेवावी, आणि दिवसभर तापलेल्या सिमेंटच्या छतांवरून पाहण्यापेक्षा झाडांच्या बाजूने पाहावे. दिशेचा गोंधळ होत असेल तर ग्रह क्षेत्राच्या ज्या कडेने बाहेर सरकतो ती पश्चिम समजावी, कारण या दुर्बिणीत प्रतिमा उलटी दिसते.

पुढची प्रतियुती फेब्रुवारी २०२७ मध्ये सिंह राशीत आहे. गुरू तेव्हा इंदुरात माथ्याच्या किंचित दक्षिणेला राहील, त्यामुळे बैठकीचा त्रास थोडा कमी होईल. ज्यांना घ्यायची आहे त्यांनी पावसाळा संपताच घ्यावी, १० च्या नेत्रिकेऐवजी चांगल्या ८ किंवा ९ मिलिमीटरच्या नेत्रिकेसाठी पैसे बाजूला ठेवावेत आणि थंडी पडेपर्यंत चंद्रावर हात बसवून घ्यावा.