न्यू जर्सीची दाढ, ठाण्याची खुर्ची : दातांचे काम कोठे करून घ्यावे?

परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांचा डिसेंबरातील मुक्काम अलीकडे लग्ने, कुलदेवतेचे दर्शन आणि दंतवैद्य या तीन गोष्टींत वाटला जातो. माझी धाकटी मावसबहीण न्यू जर्सीतील एडिसनला राहते. तिकडच्या दंतवैद्याने तिला दोन दाढांचे रूट कॅनाल करून त्यांवर कॅप बसवण्यास आणि पूर्वी काढलेल्या एका दाढेच्या जागी इम्प्लांट (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला कृत्रिम दात) करण्यास सांगितले, तेव्हा तिने मला ठाण्यात नौपाड्याला फोन करून एवढेच विचारले, की हे सगळे तुमच्याकडेच उरकले तर? तिच्यासाठी दोन्हीकडची चौकशी करताना जे हाती आले, ते अशाच निर्णयाच्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठी मांडत आहे. माझे मत आधीच सांगतो. दोन्हीकडच्या दरांत मोठे अंतर आहे, यात वाद नाही. पण निर्णय दरांवर ठरत नाही. कामाला किती खेपा लागतात आणि एका देशातील दंतवैद्याने केलेले काम दुसऱ्या देशातील दंतवैद्याला कागदांवरून कळते की नाही, या दोन गोष्टींवर तो ठरतो.

पैशांचा हिशेब

अमेरिकेत दाढेच्या रूट कॅनालला साधारण १,००० ते १,५०० डॉलर आणि कॅपला जवळपास तेवढेच किंवा थोडे अधिक पडतात. एका इम्प्लांटचा, वरच्या दातासह, खर्च ३,००० ते ५,००० डॉलरच्या दरम्यान जातो. ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडी किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या चांगल्या दवाखान्यात दाढेचे रूट कॅनाल पाच ते दहा हजार रुपयांत, झिर्कोनियाची (दातासारख्या पांढऱ्या, टणक सिरॅमिकची) कॅप आठ ते अठरा हजारांत आणि इम्प्लांट कंपनीनुसार तीस ते साठ हजारांत होते. वाशी-नेरुळकडील दर यापेक्षा फारसे वेगळे नाहीत.

एवढे आकडे पाहून माणूस तिकीट काढायला निघतो. पण तिकडच्या दंतविम्याची वार्षिक मर्यादा बहुधा १,००० ते २,००० डॉलर असते आणि परदेशात ठरवून केलेल्या उपचारांना तो विमा सहसा लागू होत नाही, त्यामुळे ठाण्यात येणाऱ्याने ती रक्कम बचतीतून मनातल्या मनात वजा करून टाकावी. एका इम्प्लांटसाठी दोन खेपा करायच्या म्हटल्या, तर दोन तिकिटांचेच दोन-अडीच हजार डॉलर होतात आणि विम्याचे पैसेही बुडतात. मग वाचले काय, असा प्रश्न उरतो. तीन-चार इम्प्लांट असतील, तर मात्र तिकिटे धरूनही ठाणे स्पष्टपणे स्वस्त पडते. ज्यांचे तिकडे आरोग्य बचत खाते आहे, त्यांना त्यातील पैसे भारतातील दंतोपचारांसाठीही वापरता येतात. त्यासाठी प्रत्येक उपचार वेगळा लिहिलेले बिल हवे. ‘दातांचे काम, एकूण अमुक’ अशी एकओळी पावती तेथे चालण्यासारखी नसते.

इंग्लंडमधील वाचकांचा हिशेब अगदीच निराळा आहे. तेथील सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, २०२५-२६ मध्ये तिसऱ्या पट्ट्यातील, म्हणजे कॅप, कवळी अशा मोठ्या उपचारांचे शुल्क ३२६.७० पौंड होते आणि एकाच उपचारक्रमात रूट कॅनाल व कॅप दोन्ही झाले, तरी तेवढेच द्यावे लागे. तेव्हा याचे रुपये अडतीस-एकोणचाळीस हजारांच्या आसपास होत. ठाण्यापेक्षा ही रक्कम जास्त असली, तरी नुसत्या एका दाढेसाठी विमानात बसण्याइतकी नाही. खरी अडचण शुल्काची नसून एनएचएसचे नवे रुग्ण घेणारा दंतवैद्य सापडण्याची आहे, आणि इम्प्लांट तेथे अपवादानेच मिळते. खासगीत गेल्यावर इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात निवडण्यासारखे फारसे राहत नाही.

एका खेपेचे काम आणि दोन खेपांचे काम

दात साफ करणे, सिमेंट भरणे, दाढ काढणे, रूट कॅनाल आणि कॅप ही कामे एका सुट्टीत पूर्ण होतात. रूट कॅनालला एक ते तीन बैठका लागतात. त्यानंतर माप देऊन कॅप प्रयोगशाळेतून येईपर्यंत साधारण आठवडा जातो, आणि कॅप बसल्यावर चावताना ती उंच लागते का, हे पाहण्यासाठी चार दिवस हाताशी असलेले बरे. म्हणजे दोन आठवडे धरावेत. आपली माणसे चूक करतात ती येथे. तीन आठवड्यांच्या सुट्टीतले पहिले दोन कोल्हापूर, कोकण आणि नातेवाइकांकडे घालवून शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात येतात, तात्पुरत्या कॅपवर परत जातात आणि ती तिकडे निघाली की नवी कॅप तिकडच्या दराने करून घेतात. विमानातून उतरल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच दंतवैद्याकडे जावे. जेट लॅगमुळे पहाटे जाग येतेच, तर सकाळची वेळ घ्यावी.

इम्प्लांटची गोष्ट वेगळी. टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसवल्यावर हाड त्याला धरून वाढावे लागते. स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रॉनेमार्क यांनी हे तत्त्व शोधून १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर वापरले, आणि तेव्हापासून साहित्य कितीही सुधारले असले, तरी हाडाला लागणारा वेळ फारसा हटलेला नाही. खालच्या जबड्यात साधारण तीन-चार महिने आणि वरच्या जबड्यात चार ते सहा महिने थांबून मग दात बसवतात. ‘एका दिवसात पक्के दात’ ही जाहिरात काही ठरावीक रुग्णांच्या बाबतीत खरी असते. पण त्या दिवशी बसवलेले दात बहुधा तात्पुरते असतात आणि कायमच्यांसाठी पुन्हा यावे लागते, हे जाहिरातीत लहान अक्षरांत असते किंवा नसतेच. वरच्या जबड्यात हाड कमी असल्यामुळे सायनस लिफ्ट (सायनसचा तळ उचलून तेथे हाड भरणे) करावी लागली, तर त्यानंतर किमान दोन आठवडे विमानप्रवास टाळण्यास सांगतात. परतीच्या तिकिटाची तारीख ठरवताना हे विचारून घ्यावे.

दात सरळ करण्यासाठी तारा लावण्याचे काम दोन देशांत विभागून करू नये, असे माझे ठाम मत आहे. दर चार-सहा आठवड्यांनी जेथे दाखवता येईल, तेथेच ते करावे.

ठाण्यात म्हणजे नेमके कोठे?

खासगी दवाखाने आणि दंत महाविद्यालयांची रुग्णालये असे दोन मार्ग आहेत. नवी मुंबईला दुसऱ्या मार्गाची समृद्धी आहे: नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वाय. एम. टी. असे एकामागून एक पर्याय ठाणे-नेरुळ-पनवेल लोकलच्या टप्प्यात येतात, आणि कामोठ्याला एमजीएम आहे. तेथे प्रत्येक शाखेचे तज्ज्ञ एकाच इमारतीत असतात आणि खर्च बराच कमी येतो; पण काम विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली करतात, प्रत्येक टप्पा तपासला जातो आणि त्यामुळे बैठका वाढतात. सुट्टीवर आलेल्या माणसाला हे परवडत नाही. उलट येथेच राहणाऱ्या, वेळ हाताशी असलेल्या आईवडिलांच्या कवळीसाठी मी तोच मार्ग आधी सुचवेन.

खासगी दवाखान्यात एक गोष्ट आवर्जून विचारावी: काम प्रत्यक्ष कोण करणार? ठाण्यातील अनेक दवाखान्यांत रूट कॅनालचे किंवा इम्प्लांटचे तज्ज्ञ ठरावीक वारी बाहेरून येतात. त्यात गैर काही नाही, उलट तज्ज्ञाचा हात मिळतो. मात्र त्यांचा वार चुकला तर आठवडा जातो. पाटीवरचे नाव आणि खुर्चीजवळचा हात वेगळे असतील, तर केसपेपरवर दुसरे नावही लिहून घ्यावे.

कागद मिळवण्याची तऱ्हा

या बाबतीत दोन्हीकडचे नियम आणि दोन्हीकडचा व्यवहार उलटे आहेत. अमेरिकेत हिपा या आरोग्यनोंदींविषयीच्या कायद्यानुसार रुग्णाने मागितल्यावर ३० दिवसांत नोंदी द्याव्या लागतात, आणखी ३० दिवसांची एक मुदतवाढ घेता येते, आणि बिल थकले आहे म्हणून प्रत नाकारता येत नाही. इंग्लंडमध्ये मुदत एक महिन्याची असून प्रत सहसा मोफत मिळते. भारतात दंतवैद्यांसाठीच्या २०१४ च्या आचारसंहितेनुसार मागणीनंतर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात आणि त्या किमान तीन वर्षे जपायच्या असतात. कागदावर आपण सर्वांत वेगवान आहोत. व्यवहारात मात्र तिकडच्या दवाखान्यात सगळे एका प्रणालीत नोंदलेले असते, आणि आपल्याकडे केसपेपर फायलीत, लहान एक्स-रे दवाखान्याच्या संगणकात आणि सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय) स्कॅन तिसऱ्याच निदान केंद्रात असतो. म्हणून तिकडचे कागद प्रवासाच्या किमान दोन महिने आधी लेखी मागावेत, आणि येथील कागद शेवटच्या बैठकीच्या दिवशी, समोर बसून घ्यावेत.

बहिणीच्या बाबतीत आम्ही पहिलीच ठेच खाल्ली ती दातांच्या क्रमांकावर. तिच्या अहवालात ‘दात क्रमांक १४’ असे होते. आम्ही येथील एका दवाखान्याला फोनवर तेच सांगितले, आणि त्यांनी उपदाढेचा दर कळवला. अमेरिकेत उजव्या वरच्या अक्कलदाढेपासून सुरू करून सर्व दात १ ते ३२ असे मोजतात, त्यामुळे त्यांचा १४ म्हणजे वरची डावी पहिली मोठी दाढ. भारतात वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत पहिला अंक जबड्याचा चतुर्थांश आणि दुसरा अंक मधल्या रेषेपासूनचे स्थान सांगतो. त्या पद्धतीत तीच दाढ २६ होते आणि १४ म्हणजे वरची उजवी पहिली उपदाढ. तिची काढलेली खालची उजवी दाढ तिकडे ३० आणि इकडे ४६. खुर्चीत बसवून तोंड पाहिल्यावर हा घोळ राहत नाही, पण फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर खर्चाचा अंदाज घेताना तो हमखास होतो. क्रमांकाबरोबर ‘वरची डावी पहिली दाढ’ असे शब्दांत लिहावे.

एक्स-रेच्या बाबतीत दुसरी ठेच. तिकडून ओपीजीचा, म्हणजे संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेचा, मोबाइलवर काढलेला फोटो आला, तोही व्हॉट्सॲपने आकसवलेला. त्यावरून मुळांच्या टोकाशी काय आहे, हे कोणालाच सांगता येईना. मूळ डिजिटल फाइल मागावी. सीबीसीटीचे तर छापील पान उपयोगाचे नसते. डायकॉम या वैद्यकीय प्रतिमांच्या डिजिटल स्वरूपातील पूर्ण फोल्डर हवा, कारण दंतवैद्य त्यातच हाडाची उंची आणि नसेपासूनचे अंतर मोजतो. आपल्याकडील केंद्रे तो सीडीवर देतात, आणि नव्या लॅपटॉपला सीडीची खाचच नसते. पेनड्राइव्हवर घ्यावा, लिंक दिली, तर ती बंद होण्याआधी उतरवून ठेवावी.

इम्प्लांट येथे केले, तर सर्वांत मोलाचा कागद बोटभर स्टिकरचा असतो. इम्प्लांटच्या वेष्टनावर कंपनी, प्रकार, व्यास, लांबी आणि लॉट क्रमांक लिहिलेले स्टिकर असते. त्यातील एक केसपेपरवर लावतात आणि एक रुग्णाला देता येते. चार वर्षांनी एडिसनमध्ये वरच्या दाताचा स्क्रू सैल झाला, तर तो घट्ट करायलाही त्याच प्रकाराचा ड्रायव्हर लागतो, आणि आत काय बसवले आहे हे कळल्याशिवाय तेथील दंतवैद्य हात लावायला सहसा तयार होत नाही. याच कारणाने कंपनी निवडताना केवळ किंमत पाहू नये. स्विस स्ट्रॉमन किंवा नोबेल बायोकेअर यांचे सुटे भाग तिकडे सहज मिळतात. कोरियाची ऑस्टेम कंपनी अमेरिकेत हायोसेन नावाने आहे. केवळ येथेच विकल्या जाणाऱ्या एखाद्या स्वस्त प्रकाराचा भाग तिकडे शोधत बसावे लागेल.

साठी ओलांडलेल्यांनी आणखी एक यादी सोबत ठेवावी: चालू औषधांची. रक्त पातळ ठेवणारी गोळी सांगायची असते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण हाडांच्या ठिसूळपणासाठी घेतलेले ॲलेंड्रोनेटची गोळी किंवा डेनोसुमॅबचे इंजेक्शन दंतवैद्याला सांगायचे कोणाला सुचत नाही. या औषधांमुळे दात काढल्यावर किंवा इम्प्लांटनंतर जबड्याचे हाड भरून न येण्याचा धोका असतो.

जवळचा तिसरा देश

कॅलिफोर्निया किंवा ॲरिझोनात राहणाऱ्यांना सीमेपलीकडचे मेक्सिकोतील लॉस अल्गोदोनेस हे दंतवैद्यांचे गाव गाडीने गाठता येते, आणि लंडनहून बुडापेस्ट अडीच तासांवर आहे. दोन खेपांच्या कामाला अशी जवळची जागा ठाण्यापेक्षा सोयीची, कारण काही बिघडले तर पुन्हा जाणे शक्य असते. ठाण्याच्या बाजूने हक्काचे घर, मऊ भात करून देणारी आई आणि मराठीत शंका विचारण्याची सोय आहे. सूज आलेल्या गालाने परक्या हॉटेलात बसलेल्याला या सगळ्याची किंमत कळते.

बहिणीने शेवटी काम विभागले. दोन्ही रूट कॅनाल आणि कॅप तिने पाचपाखाडीत, आल्यापासून तिसऱ्या दिवशी सुरू करून तेरा दिवसांत पूर्ण केल्या. इम्प्लांट ती न्यू जर्सीतच करणार आहे: स्क्रू एका वर्षाच्या अखेरीस आणि वरचा दात पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला, म्हणजे विम्याची वार्षिक मर्यादा दोनदा वापरता येईल. रूट कॅनालच्या आधीचे, मधले आणि नंतरचे एक्स-रे पेनड्राइव्हवर घेऊनच ती विमानतळाकडे निघाली, आणि त्या फोल्डरला तिने दोन्ही पद्धतींचे क्रमांक दिले आहेत.