अँबेसेडरच्या क्लचमध्ये मला असं गंडवलं, जुनी गाडी रिस्टोअरला देणाऱ्यांनी वाचाच

आमची १९६९ची अँबेसेडर मार्क टू इथे कोल्हापुरातच रिस्टोअरला दिली होती. गॅरेजचं नाव टाकत नाही, तक्रार चालू आहे. पेंट, डेंटिंग, वायरिंग एक नंबर केलंय, खोटं कशाला बोलू, पण त्यामुळेच माणसाला संशय येत नाही ना. वरून दिसतं ते सगळं चकाचक आणि बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं क्लचचं घर) आत जिथे कुणी बघणार नाही तिथे बरोब्बर हात मारलाय.

वहीच्या पानावर बिल, जीएसटी नंबर वगैरे काही नाही. नवीन क्लच सेट १४,०००, फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक, ज्यावर क्लच प्लेट दाबली जाते) ग्राइंडिंग १,८००, क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) मागचं ऑईल सील, म्हणजे ऑईल गळू न देणारी रिंग, २,६००, लेबर वेगळं.

गाडी घरी आली तेव्हापासूनच फर्स्टला क्लच सोडला की अख्खी बॉडी थरथरायची. विचारलं तर म्हणे, "साहेब नवीन प्लेट आहे, हजारभर किलोमीटर पळवा, बसेल आपोआप." मग पन्हाळ्याला निघालो तर वाघबीळच्या पुढे चढाला इंजिन नुसतं बोंबलतंय, गाडी काही सरकत नाही आणि आत जळका वास. परत नेली तर उत्तर तयारच, ऑईल गळून प्लेटला लागलंय, सील परत बदलावं लागेल, गिअरबॉक्स परत उतरवायचा म्हणजे लेबर परत.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली, ज्यांची अख्खी हयात सरकारी अँबेसेडर दुरुस्त करण्यात गेली. त्यांनी ते बिल बघितलं आणि हसायलाच लागले, "अहो, या इंजिनाला मागं सील असतंय कुठं?" खरंच नसतं! हे जुनं १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन, याच्या क्रँकच्या मागच्या टोकाला नुसती आट्यांसारखी खाच असते, स्क्रोल म्हणतात, ती फिरताना ऑईल परत आत ढकलते. त्यामुळे थोडं टिपकणारच, बेलहाउसिंगच्या बुडाला एक भोक आणि त्यात लोंबती कॉटर पिन असते ती त्याचसाठी. म्हणजे जो पार्ट या इंजिनाला नाहीच त्याचे २,६०० घेतले आणि वर तो परत बदलायला निघाला होता.

गिअरबॉक्स उतरवला. प्रेशर प्लेटवर (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरते ती) ताजा सिल्व्हर कलर, मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरने खरवडला तर खाली निळे पडलेले डाग आणि केसासारख्या बारीक चिरा, म्हणजे कधीतरी तापून गेलेली जुनीच प्लेट. स्प्रिंगा मऊ पडलेल्या म्हणून चढाला स्लिप, तिला मागे ओढणारे तीन फिंगर (छोटे लिव्हर) तीन उंचीला म्हणून ती थरथर. क्लच प्लेटला लायनिंग नवीन पण हब (मधला भाग) जुनाच, गिअरबॉक्सच्या शाफ्टवर घालून हलवला तर खटखट वाजतोय. लायनिंगचे रिव्हेट नीट खोल बसवलेच नाहीत, त्यांनी फ्लायव्हीलवर गोल चरे पाडलेत, आणि त्या चऱ्यांच्या खाली जुने चरे तसेच! ग्राइंडिंग झालंच नव्हतं. रिलीज बेअरिंगचा (पेडल दाबलं की फिंगर ढकलतं ते) कार्बन पण जुनाच, झिजून रिंगला टेकायला आलेला.

गंमत पुढेच आहे. मला व्हॉट्सअ‍ॅपवर नव्या सेटचा फोटो आला होता, कोपरा फाटलेला खोका. ओळखीतल्या एकाची फियाट त्याच गॅरेजला आहे, त्याला पण तोच खोका, तोच फाटका कोपरा. आता फियाटला अँबेसेडरचा क्लच कसा बसणार ते त्यालाच माहीत.

तुमचं काम चालू असेल तर गिअरबॉक्स चढवायच्या आधी स्वतः जाऊन उभे राहा, फोटोवर भागवू नका. प्रेशर प्लेटला रंग दिसला तर तिथेच खरवडा, क्लच प्लेट शाफ्टवर घालून हलवून बघा, फ्लायव्हीलवरून नख फिरवा. काढलेले जुने पार्ट घरी आणायचे, आणि उतरवायच्या आधीच त्यांना पंचने खूण करून ठेवली तर अजून बरं. ग्राइंडिंग मी आता उद्यमनगरात समोर उभं राहून करून घेतलं, लेथवाल्याला काही वाटत नाही, उलट चहा पाजतो.

गॅरेजवाल्याने सीलचे पैसे गुपचूप परत केले, बाकीचं "बघू". १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीय. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे तिकडेही जाणार आहे. अर्धे पैसे यूपीआयने दिले होते ते बरं झालं, रोख दिलेल्यावर तो आता सरळ हात वर करतोय. त्या खोक्याचा फोटो अजून कुणाला आला असेल तर मेसेज करा, आयोगापुढे लावायचाय.