काल दुपारी चार वाजता बंड्या खालापूरला होता

कुत्र्याला भारतातून इंग्लंडला न्यायचं म्हटलं की पहिला धक्का बसतो तो असा: ब्रिटनमध्ये उतरणाऱ्या विमानात पाळीव कुत्रा ना केबिनमध्ये चालत, ना आपल्या सामानाबरोबर. तो वेगळा कार्गो म्हणून जातो, आणि त्याचं बिल ऐकून माणूस मटकन खाली बसतो. म्हणून आमच्यासारखे बरेच जण ॲमस्टरडॅम किंवा पॅरिसला उतरतात आणि तिथून गाडी व बोटीने पलीकडे जातात. या मधल्या टप्प्यासाठी ‘पेट टॅक्सी’ नावाचा धंदा चालतो. त्यातले बरेच जण चोख काम करत असतील. आमच्या वाट्याला आला तो चोर होता.

नवरा आधीच इंग्लंडात रेडिंगला नोकरीवर रुजू झाला होता. मी आणि बंड्या मागे पुण्यात. बंड्या म्हणजे अठरा किलोचा तांबूस देशी कुत्रा, डाव्या कानाला चीर. भारतातून निघायचं तर कागदपत्रांना चार-पाच महिने सहज लागतात. आधी कातडीखाली बसवायची ओळखीची पंधरा आकडी चिप, मग रेबीजची लस, त्यानंतर किमान 30 दिवसांनी टायटर टेस्टसाठी, म्हणजे लस लागू पडली का ते बघायला, रक्त आणि रक्त घेतल्या तारखेपासून पुढे तीन महिने थांबायचं. हे सगळं मी वही घालून केलं. नेदरलँड्समध्ये उतरून बाहेर पडायचं म्हणून माझा शेंगेन व्हिसाही काढला. एवढं करून माती खाल्ली ती शेवटच्या टप्प्यावर.

टॅक्सीवाल्याची वेबसाइट झकास होती. हसरे कुत्रे, निळी व्हॅन, खाली डझनभर कौतुकं. भाव 890 पौंड. ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावरून उचलणार, हुक ऑफ हॉलंडच्या बंदरातून रात्रीची बोट, सकाळी इंग्लंडचं हार्विच बंदर, तिथून घर. बोटीचं तिकीट त्यांचं आणि जंताची गोळीही ‘आमच्या डॉक्टरांकडून, पॅकेजमध्येच’. कार्डाने पैसे भरतो म्हटल्यावर उत्तर आलं की कार्डाला जादा आकार पडतो, बँकेतून थेट पाठवलेत तर 40 पौंड सूट. खातं एका माणसाच्या नावावर, तेही ब्रिटनबाहेरचं. नवऱ्याने 500 पौंड आगाऊ पाठवले. 40 पौंड वाचले म्हणून आम्ही दोघं खूश. पुणेकराला सूट दाखवा आणि मग गंमत बघा.

आता त्या गोळीचं सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे. ब्रिटनमध्ये शिरण्याआधी कुत्र्याला पट्टकृमीवरचं औषध द्यावं लागतं. ते डॉक्टरनेच द्यायचं, तारीख-वेळ कागदावर नोंदवायची, आणि ब्रिटनमध्ये पोचण्याच्या आधी कमीत कमी 24 तास व जास्तीत जास्त 120 तास या हिशोबात ते बसायला हवं. आमचे कोथरूडचे डॉक्टर म्हणालेही होते, “ताई, निघायच्या दोन दिवस आधी मीच देतो ना, सर्टिफिकेटवर नोंद करून टाकू.” मीच म्हटलं, “नको, तिकडे पॅकेजमध्ये आहे.”

सकाळी उतरून दुपारी गोळी दिली आणि त्याच रात्री बोटीत बसलो, तर हार्विचला पोचेपर्यंत जेमतेम अठरा-एकोणीस तास होतात. म्हणजे ‘त्याच दिवशी गोळी, त्याच रात्री बोट’ हे पॅकेज नियमात बसूच शकत नाही. बोटांवर मोजता येईल असा हिशोब. टायटरचे तीन महिने कॅलेंडरवर दिवस मोजून घालवले, आणि हे तास काही मोजले नाहीत.

माणूस वेळेवर आला. गोडबोल्या. बंड्याला बिस्किट दिलं, मांडीवर घेऊन फोटो काढला. डॉक्टर कुठे आहेत विचारलं तर म्हणाला, वाटेत. एका पेट्रोल पंपाच्या पार्किंगमध्ये व्हॅन थांबवली, डॅशबोर्डच्या खणातून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी चीजच्या तुकड्यात खुपसून बंड्याला भरवली. मग त्याच खणातून रबरी शिक्का आणि शाईचा पॅड काढला. माझा कागद मांडीवर ठेवून ठप्प! सही ठोकली, वर तारीख घातली कालची आणि वेळ दुपारचे चार. मी म्हटलं, अहो, हे काय? तर हसून म्हणाला, “सगळे असंच करतात मॅडम, बोटवाले बघतसुद्धा नाहीत.”

मी गप्प बसले. रात्रभर झोप नाही, परका देश, पुढे बोट. आज स्वतःचा राग येतो तो त्या गप्प बसण्याचा.

बोटवाल्यांनी बघितलं. चेक-इनच्या खिडकीतल्या बाईंनी स्कॅनर बाहेर दिला, मी तो बंड्याच्या मानेवरून फिरवला, आकडे जुळले. मग त्यांनी शिक्क्यावर बोट ठेवून विचारलं, काल दुपारी चारला हा कुत्रा नेदरलँड्समध्ये होता? आणि माझं बोर्डिंग पास मागितलं. काल दुपारी चारला बंड्या एक्स्प्रेसवेवर खालापूरच्या फूड मॉलबाहेर माझ्या भावाच्या हातातला वडा हुंगत होता. काय सांगणार? त्यांनी आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणाल्या की असा कुत्रा पलीकडे उतरला तर क्वारंटाइनमध्ये जाऊ शकतो, चार महिन्यांपर्यंत, खर्च तुमचा. आणि हो, बुकिंगमध्ये एक गाडी, दोन माणसं. कुत्रा नाहीच. त्याचं तिकीट काढलेलंच नव्हतं.

टॅक्सीवाल्याने व्हॅन बाजूला घेतली. उद्यासाठी आणखी 300 युरो, रोख, आत्ता. नाही म्हटल्यावर दोन बॅगा आणि क्रेट फुटपाथवर. पाऊस होता. बंड्या क्रेटवर चढून बसला आणि जाणाऱ्या व्हॅनकडे बघून शेपटी हलवत राहिला, बिस्किटवाला मित्र ना तो.

नवरा तिकडून धावून येऊ शकत नव्हता. त्याच्याकडे शेंगेन व्हिसा नाही. नशिबाने बंदराशीच मेट्रोचं स्टेशन आहे, थेट रॉटरडॅमला जाणारं. क्रेट तिथेच सोडला. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला खऱ्या डॉक्टरांनी बंड्याची चिप तपासली, वजन केलं, गोळी दिली आणि नवी नोंद करून सही केली. जुन्या शिक्क्यावर त्यांनी आडवी रेघ मारली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या रात्रीच्या बोटीनेही 24 तास भरत नव्हते, म्हणून आणखी एक रात्र हॉटेलात, आणि तिसऱ्या दिवशी दुपारच्या बोटीने निघाले. पायी! हुक ऑफ हॉलंड ते हार्विच या मार्गावर गाडीशिवाय, आधी बुकिंग करून, कुत्र्याला घेऊन चढता येतं. फ्रान्सहून येणाऱ्या डोव्हर-कॅलेच्या बोटीला गाडी लागते, इथे नाही. म्हणजे मुळात टॅक्सी हवीच कशाला होती?

पैशाचं म्हणाल तर बुडाले. ब्रिटनमध्ये 7 ऑक्टोबर 2024 पासून अशा फसवणुकीत बँकेने भरपाई द्यायचा नियम आहे, पण दोन्ही खाती ब्रिटनमधली असली तरच. इथल्या क्रेडिट कार्डाने 100 पौंडांच्या वर खरेदी केली असती तर 1974 च्या कायद्याने कार्ड कंपनीकडेही दाद मागता आली असती. ती 40 पौंडांची सूट कशासाठी होती, ते बँकेच्या बाईंशी बोलताना कळलं.

परवा नवऱ्याला ती वेबसाइट पुन्हा सापडली. नाव नवं आहे, व्हॅन तीच निळी. ‘आमचे समाधानी प्रवासी’ या सदरात पहिलाच फोटो, तांबूस कुत्रा, डाव्या कानाला चीर, तोंडात बिस्किट.